निजून बघायचं घर

"फरशी लय गुळगुळीत हाय गं. झोप घसरतीया हिच्यावरनं."

मायाक्का आत्या हे अगदी पुटपुटून म्हणाली. अंजना तिच्या उशाशीच बसली होती आणि बाकीच्यांच्या कानावर ते घालायचं नव्हतं. पण रिकाम्या घराच्या पोटात काही राहत नाही. भिंतींनी ते बोलणं उचललं, स्वयंपाकघरापर्यंत फिरवून आणलं आणि हॉलच्या मधोमध सगळ्यांपुढं ठेवलं.

"आई, आदी डोळं तर मीट," खिडकीखाली उकिडवे बसलेले नानासो म्हणाले. "मग घसरती का चिकटती ते बघू."

"मिटल्यात की रं. तुज्यागत उघडं ठिवून झोपू व्हय?"

नानासोंनी डोक्यावरची टोपी सारखी केली. आत्याचे ते थोरले. डाळिंबाची बाग, ट्रॅक्टर, गावच्या सोसायटीत शब्दाला वजन. पण आईपुढं अजून कोकरूच.

दाराशी बिल्डरच्या ऑफिसातली संयोगिता उभी होती. नव्या इमारतीतले फ्लॅट दाखवायचं काम तिच्याकडं. पाण्याची टाकी किती मोठी, लिफ्ट कुठल्या कंपनीची, सकाळचं ऊन कुठल्या खोलीत येतं, सगळं तिला तोंडपाठ होतं. गिऱ्हाइकानं सोबत आणलेलं घोंगडं हॉलमध्ये अंथरलं आणि त्यावर ऐंशीच्या घरातली म्हातारी आडवी झाली, तर पुढं काय म्हणायचं, हे मात्र तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"आजींना बरं वाटत नाही का?" तिनं हळूच विचारलं.

"न्हाई ओ मॅडम, झ्याक हाय ती," अंजनाची थोरली जाऊ, म्हणजे नानासोंची बायको रतन म्हणाली. "जागा बघतीया."

त्याचं असं होतं. ही माणसं जतच्या पूर्वेची, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं फिरलेली. पावसाळा सरला की कळप कृष्णाकाठाकडं निघायचा. घोड्यावर बिऱ्हाड लादून बायका पुढं, मेंढरं घेऊन बाप्ये मागं. पुढच्या तळावर पोचलं की घोड्यावरचं ओझं उतरवायच्या आधी एक काम असायचं. ज्या बाईची चूल तिथं पेटणार, तिनं भाकरी खाऊन, भर दुपारी, घोंगडं टाकून भुईवर आडवं व्हायचं. बाकीच्यांनी आपापल्या जागी बसून राहायचं. तिला झोप लागली म्हणजे जागेनं घेतलं. नाही लागली तर घोडा पुढं. आणि झोपेत स्वप्न पडलं तर ते पाण्याचा घोट घ्यायच्या आधी सांगायचं. पाणी प्यालं की स्वप्न पोटात जातं आणि जागा मुकी होते. ह्याला म्हणायचं, जागा निजून बघणं.

आता मेंढरं उरली ती थोडीशी, नानासोंच्या चुलतभावाकडं, कोंडीबाकडं. घोडा तर कुणाच्या लग्नातच दिसला तर दिसायचा. पण जागा निजून बघायची सोडलेली नव्हती. डाळिंबाचं रान निजून बघितलेलं. बोअरची जागासुद्धा आत्यानं निजून बघितली होती. पाणी लागलं नाही, ते सोडा. त्या दिवशी आत्याला उन्हाची ग्लानी आली होती, ती झोप नव्हेच, असा निर्वाळा मागनं निघाला.

तर आता घर बघायचं चाललं होतं, नवंकोरं, शहरात. पहिलं बघितलं ते कराडला, कारण अंजनाची सोनम तिथं इंजिनिअरिंगला होती. आत्यानं अंग टाकलं आणि थोड्या वेळानं उठून बसली. "दोन नद्या रातंदिस बोलत्यात. माणसानं झोपायचं कवा?" प्रीतिसंगम तिथून इतका लांब की गच्चीवरूनही दिसत नव्हता. मग सांगली. तिथं लिफ्ट. "भिंतीच्या आत कोण तरी सारकं वर-खाली करतंय, त्येला कायतरी पायजे आसंल." मग मिरजेच्या रस्त्याला एक. तिथं झोप लागली, पण ती नानासोंना, आणि इतकी गाढ लागली की बिल्डरचा माणूस पाणी शिंपडायला धावला. ती झोप काही धरली नाही.

आणि आज हे माधवनगर. एके काळी ह्या बाजूला गिरण्यांचे भोंगे वाजायचे म्हणतात. आता नव्या इमारती उठत होत्या, आणि त्यातल्या ह्या एकीचं नाव होतं नंदनवन हाइट्स. खाली चार कुंड्या होत्या, त्यातल्या दोन रिकाम्या. पण दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा अंजनाच्या छातीत काहीतरी हललं. कुणी तिच्या नावानं हाक मारावी, पण कुठून ते कळू नये, तसं. ती बोलली नाही. गेली अडीच-तीन वर्षं तिनं काही बोलावं असं कुणी काही विचारलंच नव्हतं. विचारायचे ते एवढंच, "जेवलीस का?" आणि "झोपलीस का?"

मानसिंग झोपेत गेला. अंजनाचा नवरा, आत्याचा धाकटा, फौजेत हवालदार. राजस्थानात ड्यूटीवरून आला, बूट काढले, कॉटवर आडवा झाला आणि उठलाच नाही. पेन्शनीला दीड वर्ष होतं. सांगलीच्या आसपास एक घर घेऊ, नवं, ज्यात आपल्या आधी कुणी राहिलेलं नाही असं, हे त्याचं फोनवरचं आवडतं बोलणं. जबलपूरला असो की आणखी कुठं, फौजेची क्वार्टर मिळायची तर भिंतीवर आधीच्यांच्या खिळ्यांची भोकं असायची. अंजना हसायची, "भोकं काय चावत्यात व्हय?" आता त्याच्या माघारी आलेल्या पैशात ते घर घ्यायचं, हे सगळ्या घरानं मिळून ठरवलं. कागदावर नाव अंजनाचं येणार, हेही ठरलं. त्यात कुणाच्या मनात पाप नव्हतं. एकच ठरलं नव्हतं, की तिथं राहणार कोण. ते कुणी बोलतच नव्हतं.

म्हणजे बोलायचे सगळे, पण कडेकडेनं. रतन म्हणायची, "माज्या गुडघ्यांचा डॉक्टर मिरजंलाच हाय, बरं पडंल." नानासो म्हणायचे, "कोर्टाच्या तारखंला आलं की पाय टेकायला जागा." त्यांचा पप्पू, लग्नाला आलेला, मोबाइलचं दुकान टाकायच्या विचारात असलेला, तो तर आत्ता टीव्ही कुठल्या भिंतीला लावायचा ते वितींनी मोजत होता. अंजनालाही वरवर म्हणायचे, "तुला आवडलं न्हवं?" अंजना म्हणायची, "आत्यास्नी झोप लागली की झालं."

खरं तर चूल जिची पेटायची, तिनं निजायचं. नेम तसाच होता. पण पहिल्याच दिवशी कराडला घोंगडं अंथरलं, आणि कोण झोपणार, असा क्षणभर सगळ्यांनी एकमेकांकडं बघायचा प्रसंग आला. रतननं अंजनाकडं बघितलं, अंजनानं खाली. मग नानासो म्हणाले, "आई, तूच पड. तू मोठी." सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. तेव्हापासून दर घरात आत्या पडत होती आणि दर घर नापास होत होतं, आणि नेम आपणच वाकवलाय, हे कुणी काढत नव्हतं.

"पप्पू, भिंत मोजायची थांब," आत्या डोळे मिटूनच म्हणाली. "तुजी वीत वाजतीया."

"वीत कशी वाजंल गं आज्जे?"

"बस म्हनलं ना!"

पप्पू बसला. रतन ओट्याला टेकून बसली. संयोगितालाही काय वाटलं कोण जाणे, तीपण चपला काढून उंबऱ्यात टेकली. दुपारचं ऊन खिडकीतून हॉलमध्ये येऊन आत्याच्या पायांशी थांबलं होतं. खाली कुठंतरी फरशी कापायचं मशीन एकदा किंचाळलं आणि गप्प झालं. ताज्या रंगाचा आणि ओल्या सिमेंटचा वास येत होता.

आत्यानं कूस बदलली. पुन्हा बदलली. मग एक डोळा उघडला.

"अंजना, तू उशाशी नगं बसू बाई. तुजा श्वास मोजत बसते मी. जा जरा पल्याड."

"कुटं जाऊ?"

"जा की आत. खोल्या कमी हायत व्हय?"

अंजना उठली. उठताना तिनं सवयीनं मागं बघितलं, सोबत कोण येतंय ते. कुणीच नाही. आत्या झोपेपर्यंत कुणी हलायचं नव्हतं ना! रतन अर्धवट उठल्यासारखी झाली, नानासोंनी हातानं खाली बस म्हणून खुणावलं. तेवढ्यात अंजना पॅसेज ओलांडून गेली.

घरात तिला एकटं सोडत नसत. मानसिंगचं दिवसकार्य उरकलं तेव्हापासून. रात्री कुणीतरी शेजारी झोपायचं. सोनम सुट्टीला आली तर सोनम, नाहीतर रतन, नाहीतर आत्या. आत्याची तर सवय अशी, की झोपेतसुद्धा हात अंजनाच्या मनगटावर. कपडे वाळत घालायला गेली तर मागून कुणीतरी चिमटे घेऊन यायचं. विहिरीकडं तर तिला जाऊच देत नसत. न्हाणीघरात जरा वेळ लागला की बाहेरून रतनचा आवाज, "पाणी गरम हाय न्हवं?" माणसं वाईट नव्हती. वाईट असती तर भांडता आलं असतं. इतक्या मायेनं वेढलेल्या बाईला झोप येत नाही म्हणून सांगायचं कुणाला? डोळे मिटले की शेजारच्याच्या श्वासावर तिचं ध्यान जायचं, आणि तो जरा थांबला की तिची छाती थांबायची. माणूस झोपतो तो परत येतो कशावरून? पहाटे पहाटे डुलकी लागायची, आणि लागली की कुणीतरी मायेनं अंगावर वाकळ ओढायचं.

आतली खोली लहान होती. खिडकीच्या काचांवरचा निळा प्लास्टिकचा कागद अजून काढलेला नव्हता. त्यातून येणारं ऊन निळं झालं होतं, नि भिंती, फरशी, अंजनाचे हातसुद्धा, सगळं पाण्याखाली ठेवल्यासारखं दिसत होतं. भिंतीला एक भोक नव्हतं. तिनं तळवा टेकवला. गार लागलं, जरा ओलसर, नुकत्याच न्हालेल्या पोराच्या पाठीसारखं.

मग तिनं दार लोटलं. लावायचं असं काही मनात नव्हतं, नुसतं लोटलं. नवं दार, स्प्रिंगची नवी कडी. आपोआप 'कट्‌' करून बसलं.

आणि सगळं थांबलं. रतनचं खोकणं, पप्पूचा फोन, आत्याचं कुरकुरणं, सगळं त्या दाराच्या पलीकडं. इतकी शांतता, की तिला आधी वाटलं कान गेले. मग त्या शांततेत एक बारीक आवाज यायला लागला, येत होता आणि जात होता. कोण आलं म्हणून तिनं खोलीभर बघितलं. तो तिचाच श्वास होता. किती दिवसांत ऐकला नव्हता तिनं!

ती भिंतीला टेकून बसली. मग हात उशाला घेऊन कलंडली. जरा पाठ टेकवू, एवढंच.

मेंढरं आली ती न्हाणीघराच्या दारातून. एकामागं एक, ओली, अंगावर कृष्णाकाठचा चिखल. पायांचा आवाज नाही. हॉल भरला, पॅसेज भरला, स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक काळं कोकरू चढून नळाला तोंड लावून बसलं. अंजना म्हणाली, अगं बया, फरशी खराब हुईल, आणि बघते तर फरशी नाहीच, खाली काळी भुई, नुकतीच नांगरल्यासारखी मऊ. खोल्या दोनच्या चार झाल्या, चाराच्या किती झाल्या त्याला सुमार नाही. एका खोलीत ज्वारीचं रान निसवलेलं, कणसं नुकती बाहेर आलेली. एका खोलीत जबलपूरची क्वार्टर, तिचा स्टोव्ह, त्यावर दूध, आणि दूध उतू जात नाही, नुसतं वर येऊन तिच्याकडं बघतंय. ती खोलीमागनं खोली बघत चालली आणि तिच्या मागून कुणी येत नव्हतं. शेवटी गॅलरी. गॅलरीत मानसिंग बसलेला, पाठमोरा, वर्दीवर. बूट काढत होता. नाड्या लांबच लांब, काढतोय काढतोय, संपत नाहीत.

तो वळला. केस तेवढेच काळे, कपाळावरचा वण तसाच.

"घर झ्याक घेतलंस," तो म्हणाला. "आत यिऊ?"

अंजनाला वाटलं आपण धावत जाऊ. पाय उचलला पण. आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

"आज नगं. आज झोपू दे मला."

बोलली आणि तिलाच धसका बसला. तो रागावेल, रडेल. पण मानसिंग हसला, सुट्टीवर आल्यावर हसायचा तसा, एका बाजूनं.

"बरं," म्हणाला. "मी हाय खाली, पान्यापाशी."

आणि काढलेल्या नाड्या पुन्हा बांधायला लागला. मेंढरं एकेक करून बसली, ओल्या लोकरीचा वास पसरला, आणि अंजना त्यांच्या मधोमध आडवी झाली. तिच्या अंगावर कुणी काही पांघरलं नाही. निळं पाणी वरून हळूहळू...

"काकी! आवं काकी!"

पाण्यावर कुणीतरी बुक्क्या मारत होतं.

"अंजना! अगं दार उघड! आवो मॅडम, ह्येची किल्ली कुटं हाय? बघत काय ऱ्हायलाय!"

"किल्ली खाली ऑफिसात आहे, मी आणते, पण आतून कडी असेल तर..."

"पप्पू, खांदा लाव!"

अंजना उठून बसली. डोळ्यांपुढची निळाई अजून हलत होती. तिनं कडी सरकवली आणि पप्पू खांद्यासकट आत आला, थेट समोरच्या भिंतीपर्यंत. त्याच्या मागं रतन. रतननं आधी अंजनाकडं नाही, वर छताकडं बघितलं, पंख्याच्या हुकाकडं. मग खिडकीकडं. मग अंजनाचे दोन्ही दंड धरले आणि गदागदा हलवले.

"काय केलंस गं? दार कशापायी लावलंस?"

"लागलं ते, आक्का. झोप लागली."

"झोप?" रतनचे डोळे भरून आले होते आणि ती भयंकर चिडलीही होती. "हाका मारून घसा फुटला आमचा! आमाला वाटलं तू..."

तिनं वाक्य तिथंच सोडलं. नानासो पॅसेजच्या भिंतीला हात लावून उभे होते. पप्पू खांदा चोळत भिंतीकडं बघत राहिला. हे पुरं झालेलं वाक्य कुणालाच नको होतं. अंजनानं वर बघितलं. छताला हूक होता, पंखा अजून बसायचा होता. ह्या खोलीत आल्यापासून तो तिला दिसलासुद्धा नव्हता. विहीर, चिमटे, न्हाणीघराबाहेरचा तो आवाज, सगळं तिच्या आत एका ओळीत येऊन उभं राहिलं.

"काकू, पाणी घ्या," संयोगिता बाटली पुढं करत म्हणाली.

"थांब!"

आत्या. भिंत धरत धरत ती पोचली होती, घोंगडं खांद्यावर. तिनं संयोगिताच्या हातातली बाटली काढून घेतली आणि स्वतःच्या काखेत मारली.

"झोप लागली म्हंतीस. सपान पडलं?"

अंजनानं आत्याच्या काखेतल्या बाटलीकडं बघितलं.

"पडलं का न्हाई?"

"पडलं."

"मग सांग आदी. पानी मागनं."

"आई, अगं ते खरं न्हवंच," नानासो घाईघाईनं म्हणाले. "नेमात बसत न्हाई. निजायला तू पडलीवतीस. ही आपली चुकून..."

"मी पडले, झोप हिला लागली. जागंला काय कळतं कोन थोरलं नि कोन धाकलं? सांग गं."

मग अंजनानं सांगितलं. खाली बघत, तोंड कोरडं पडलेलं, जीभ टाळूला चिकटत होती. मेंढरं सांगितली, ओट्यावरचं कोकरू सांगितलं, जबलपूरचं दूध सांगितलं. मानसिंगचं नाव निघालं तशी रतननं पदर तोंडाला लावला. आत यिऊ म्हणाला, इथवर अंजना आली आणि थांबली. एवढ्यावर थांबता आलं असतं. सगळ्यांचं समाधान झालं असतं.

"मी म्हनलं, आज नगं," ती म्हणाली. "झोपू दे मला, म्हनलं."

खाली फरशी कापायचं मशीन पुन्हा सुरू झालं.

"आता ह्येचा अर्थ," नानासोंनी घसा खाकरला, "आसा हाय, की मानसिंगला घर पसंत हाय. मेंढरं म्हंजी आपुन समदी. समद्यांनी मिळून-मिसळून..."

"व्हय, मिळून," रतन नाक पुसत म्हणाली. "मी ऱ्हाते की हिच्यासंगं. माजा गुडघा बी हाय. तशी एक खोली पप्पूला, दुसरीत आमी दोगी जावा."

"काळं कोकरू म्हंजी मीच आसंन," पप्पू म्हणाला. "मला लागतं नळाचं गार पानी."

एरवी अंजना हसली असती. संयोगिता हसली, आणि कुणी हसत नाही म्हटल्यावर चटकन फाइलकडं बघायला लागली.

आत्या मात्र अंजनाकडं बघत होती. लग्नाआधी ही अंजना तिच्या भावाची पोर होती, तिला 'तू' म्हणायची, कडेवर बसून तिचे कान ओढायची. सून झाली आणि 'तुमी' म्हणायला लागली. आत्याला ते कधी गोड लागलं नव्हतं, पण रीत म्हणून तिनंही काही म्हटलं नव्हतं. अशा किती गोष्टी तिनं रीत म्हणून सोडून दिल्या होत्या. ती हळूहळू खाली बसली, अंजनाच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी. बाटली अजून काखेतच.

"किती वेळ झोपलीस?"

"ठावं न्हाई."

"हात कुनाचा आंगावर न्हवता?"

"न्हवता."

"भ्या वाटलं?"

अंजनानं विचार केला. खरं आठवायला लागलं तिला. "न्हाई," ती म्हणाली. "न्हाई वाटलं."

आत्यानं तिच्या मनगटाकडं हात नेला, रोजच्यासारखा. मनगटाजवळ नेला आणि थांबवला. मग तो हात स्वतःच्याच मांडीवर ठेवून दिला, कुठं ठेवायचा हे न कळल्यासारखा. धाकट्याच्या माघारी ह्या पोरीला जिवंत ठेवणं एवढं एकच काम तिनं केलं होतं, आणि ते काम चांगलं झालं होतं.

"मॅडम," ती संयोगिताकडं न बघताच म्हणाली, "ह्या घरात चुलीची जागा कोन्ची?"

"किचन ना आजी? ते काय, तिकडं, पॅसेजच्या..."

"बरं." आत्या पुन्हा अंजनाकडं वळली. "तितं चूल कुनाची पेटनार?"

प्रश्न साधाच होता. पहिल्या दिवशी विचारायचा तो प्रश्न. रतननं तोंड उघडलं आणि नानासोंकडं बघितलं. नानासोंनी पप्पूकडं. पप्पूनं उगीच कडी सरकवून बघितली, 'कट्‌' वाजली, त्यानं दचकून ती परत उघडली. निळं ऊन आत्याच्या पांढऱ्या केसांवर, रतनच्या ओल्या गालांवर, सगळ्यांवर सारखंच पडलं होतं. ही सगळी आपली माणसं, पाण्याच्या तळाशी उभी असल्यासारखी दिसत होती, आणि कुणीही पुढं व्हायला तयार नव्हतं. अंजनाला वाटलं, आपण गप्प राहिलो तर हे असंच चालू राहील. पुढचं घर. त्याच्या पुढचं घर. आत्या पडत राहील.

"माजी," ती म्हणाली.

"म्हंजी आपल्या समद्यांचीच की," रतन झटकन म्हणाली.

"न्हाई आक्का." अंजनानं तिचा हात धरला, कारण रतन लय चांगली होती आणि हे तिचा हात न धरता बोलता आलं नसतं. "तुमी या. मिरजंचा डॉक्टर झाला की या, भावजी तारखंला आलं की जेवून जावा, पप्पू, तू तर रोज ये. आत्या, तू बी ये. मी भाकरी करून वाट बघंन. पर मी जीवबीव द्यायला निघाल्याली न्हाई, आन् मला आता राखायचं काम न्हाई. मला हितं एकटीला ऱ्हायचं हाय."